खंडेनवमीचा अंगठा

मळणीयंत्र धडधडत असताना आभाळातला एक आवाज बंद पडला, आणि तो बंद पडलेला झरीच्या तात्यारावांच्या लक्षात आला. दोन वर्षं विमानशाळेची विमानं त्यांच्या सोयाबीनवरून घिरट्या घालत होती. कान इतके सरावले होते की आवाज थांबल्यावरच त्यांनी मान वर केली. पांढरं विमान मुक्यानं खाली येत होतं. बाभळीच्या शेंड्याला पंख लागला आणि ते त्यांच्याच तुरीत नाकावर आदळलं.

तात्यारावांनी एकशे बारा नंबर फिरवला तेव्हा सकाळचे अकरा चाळीस झाले होते.

परभणी ग्रामीण ठाण्याची सहायक निरीक्षक धम्मशीला खिल्लारे तिथं पोचली, तोवर माणसांनी मुलीला बाहेर काढून घोंगडीवर निजवलं होतं. सृष्टी कच्छवे, वय वीस. एकटीनं लांबवर उडून यायची तिची ही पहिलीच खेप. ती जागीच गेली होती. अंगावर फारसा ओरखडाही नव्हता, त्यामुळे बघणाऱ्याला जास्तच वाईट वाटत होतं. तिचा बाप चंद्रभान कच्छवे शेजारी मातीत बसून होता. विमानशाळा त्याची, विमान त्याचं आणि लेकही त्याचीच, एकुलती एक.

"राधाकिशन मिस्त्रीला धरा," तो एवढंच म्हणाला. "विमान त्याच्या हाताखालून गेलंय."

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून अपघात तपासणारं पथक आलं. त्यांनी इंजिन उघडलं आणि तासाभरात एक वस्तू बाहेर काढली. इंजिनाला हवा पोचवणारी, कोपराच्या आकाराची काळी नळी. मूठभर वस्तू, पण उसाच्या चरकातून निघालेल्या चिपाडासारखी चपटी झालेली. हवेची वाटच मिटली आणि इंजिन गुदमरलं.

"हा मूळ कंपनीचा भाग नाही," पथकाचा प्रमुख म्हणाला. "हा छापलाय. थ्रीडी प्रिंटरवर. आतून पापुद्रे दिसतात बघा. सविस्तर अहवालाला सहा-आठ महिने लागतील."

सहा-आठ महिने चंद्रभानला थांबायचं नव्हतं. विमानशाळेच्या संगणकात विमानाच्या प्रत्येक स्क्रूची नोंद होती. कोणता भाग, कुणी बसवला, केव्हा बसवला, सगळं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: एक ऑक्टोबर, सायंकाळी सहा वीस, हवेचा कोपरा बदलला, मूळ कंपनीचा नवीन भाग, बसवणारा राधाकिशन फड. खाली राधाकिशनचा अंगठा.

धम्मशीलानं राधाकिशनला अटक केली. कागद तसं सांगत होते, आणि पोलिसांना कागदाच्या पुढं जायला कारण लागतं.

ते कारण तिला राधाकिशननंच दिलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. राणीसावरगावचा. तरुणपणी ऊसतोड, मग सव्वीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री, आता विमानशाळेत. कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता आणि विचारलेल्या कशालाही धड उत्तर देत नव्हता.

"काका, तो कोपरा तुम्ही बसवला?"

"आंगठा माझा हाय ना बाई तिथं?"

"मी अंगठ्याचं विचारत नाही. बसवला का?"

"जे लिव्हलंय ते लिव्हलंय."

"एक तारखेला खंडेनवमी होती. आठवतंय?"

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली.

"ते आता काढून काय करायचंय," तो म्हणाला.

निर्दोष माणूस ओरडतो, गुन्हेगार गोष्टी सांगतो, हे धम्मशीलानं चौदा वर्षांत पाहिलं होतं. हा दोन्ही करत नव्हता. सोमवारी त्याला पुन्हा कोर्टात उभं करायचं होतं, आणि चंद्रभानचा वकील सदोष मनुष्यवधाचं कलम लावा म्हणून ठाण्यात ठाण मांडून बसला होता. ते लागलं असतं तर राधाकिशन तुरुंगातून बाहेर आला असता की नाही, कुणास ठाऊक.

ठाण्याच्या ओट्यावर त्याची बायको धुरपदाबाई डबा घेऊन बसली होती. धम्मशीला तिच्याशेजारी टेकली.

"माय, एक तारखेला हे कुठं होते?"

"विमानाच्या गोडावनातच. आमची खोली तिथंच हाय, मागं. अकराला हत्यारं पुजली, नारळ फोडला, जेवले आन् झोपले. खंडेनवमीला त्यायनं आयुष्यात कंदी पान्याला हात लावला न्हाई. एसटीत होते तवा बी साहेबासंग भांडले हुते यावरून. लोक म्हणतेत, मालकाचं काम नड होती म्हणून केलं आसंल. म्या सांगते, ह्यो मानूस मरंल, पर त्या दिशी पाना उचलायचा न्हाई."

"मग अंगठा कसा उमटला?"

"आंगठा?" धुरपदाबाई खिन्न हसली. "राशनच्या मशीनवर बी ह्यायचा आंगठा उमटत न्हाई, बाई. ऊस आन् ग्रीस, दोगांनी मिळून खाऊन टाकला. दर महिन्याला सुनंला गावाहून बोलवावं लागतंय."

धम्मशीला उठली. हवालदार बन्सीधरला डबा आत द्यायला सांगितलं आणि त्याला घेऊन जीप काढली.

झरीच्या माळावर विमानशाळेचं शेड होतं. बाहेर दसऱ्याची कमान अजून उभी होती, तिच्यावर पाहुण्यांची नावं आणि 'डिजिटल देखभाल केंद्राचा शुभारंभ' अशी अक्षरं. आत एक विमान उभं होतं, दुसऱ्याची जागा रिकामी. शेडच्या भिंतीला ओळीनं टांगलेल्या पान्यांवर हळदकुंकवाची बोटं वाळून गेली होती. पंख तपासणारा छोटा ड्रोन, कोपऱ्यातला प्रिंटर, संगणकाचा पडदा, कुणालाही सोडलं नव्हतं.

ते सगळं तिला हरिओमनं दाखवलं. सोनपेठचा पोरगा, पुण्यात शिकून आलेला, शेडमधली नवी यंत्रं त्यानंच बसवली. तीन दिवसांत त्याचा चेहरा उतरून गेला होता.

पडद्यावर एक विमान हळूहळू गोल फिरत होतं. पांढरं, अखंड, हिरव्या चौकटीत. खाली लिहिलं होतं: तंदुरुस्त.

"हे कोणतं?"

"तेच, मॅडम. पडलेलं. खऱ्या विमानाची हुबेहूब प्रत असते ही. खऱ्यात जे बदलेल ते नोंदवलं की यात बदलतं. यात कुठं बिघाड दिसला की आपल्याला आधी कळतं." त्यानं हिरव्या चौकटीवर बोट ठेवलं. "नोंद खोटी असली की हिला काही कळत नाही."

बाहेर त्या विमानाचे तुकडे ताडपत्रीखाली पडले होते आणि इथं ते हिरव्या रंगात गिरक्या घेत होतं. धम्मशीलाला ते बघवेना. तिनं पडद्याकडं पाठ केली.

"कोपरा बदलायची वेळ का आली?"

"तीस सप्टेंबरला मी कॅमेऱ्यानं इंजिन तपासलं. मूळ कोपऱ्याला तडा होता. नवा येईस्तोवर हे विमान उडवायचं नाही असं संगणकात लिहिलं आणि घरी सोनपेठला गेलो, काकांना सांगायचं राहूनच गेलं. नवा यायला तीन आठवडे लागणार होते."

"आणि दुसऱ्याच दिवशी नवा बसल्याची नोंद झाली. ती मंजूर कुणी केली?"

"मी. मोबाइलवरून." हरिओम म्हणाला. "मला वाटलं, कुठून तरी मिळाला असेल. फोटो पाहिला, काळा कोपरा दिसला. मूळचाही काळाच असतो. आणि खाली काकांचा अंगठा होता. काकांचा अंगठा म्हणजे दगडावरची रेघ, मॅडम. मी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही."

"प्रिंटर तुझाच ना?"

"माझाच. संशय माझ्यावर येणार, ठाऊक आहे."

"येतोय. चालवला कुणी?"

त्यानं प्रिंटरमधली कामांची नोंद उघडली. एक तारखेला दुपारी बारा पन्नासला काम सुरू, पाच दहाला संपलं. मोबाइलवरून नव्हे, यंत्रापुढं उभं राहून, बटण दाबून. कोपऱ्याचं चित्र हरिओमनंच चाचणीसाठी काढून ठेवलेलं, वर 'उड्डाणासाठी नाही' असा शेरा मारलेला. बारा पन्नासला हरिओम सोनपेठच्या आठवडी बाजारात आईबरोबर होता. आठ माणसांनी पाहिलं होतं, त्यातला एक ठाणे अंमलदार.

"यात प्लॅस्टिक कोणतं घालतात?"

हरिओमनं एक कुलूपबंद डबा दाखवला. "उष्णता सोसणारं हे. किल्ली माझ्याकडं, मी गावाला गेलो की माझ्याबरोबर. आणि त्या दिवशी यंत्रावर चढवलेलं होतं ते हे दुसरं, साधं. दसऱ्याच्या पाहुण्यांना द्यायला सृष्टी यावर छोटी विमानं छापत होती. दोन्ही रिळं काळीच. पण हे साधं म्हणजे मेण हो. पंचावन्न-साठ अंशाला वाकतं. मॅडम, मी कोपरा छापला असता तर यात छापला नसता. जाणूनबुजूनही नाही."

धम्मशीलानं चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं. ग्लासात एक छोटं काळं विमान सोडलं. पाचदहा श्वासांत त्याचे पंख खाली लवले. कुलपातल्या रिळाचा तुकडा त्याच पाण्यात ताठ राहिला.

"मग विमान पहिल्याच दिवशी का नाही पडलं?"

"दसऱ्याला सहाच मिनिटं उडालं. नंतरही सकाळच्या गारव्यात, एखादी फेरी. प्रत्येक वेळी थोडा थोडा बसत गेला असणार. त्या दिवशी ती सव्वा तास हवेत होती, ऑक्टोबरच्या उन्हात."

शिकाऊ मुलांच्या खोलीत खिडकीत आणखी एक छोटं विमान होतं. त्याचे पंख आधीच वाकलेले. पोटावर पेननं लिहिलेलं: 'जीपमध्ये ठेवलं, उन्हात मेलं. २८ सप्टें.' अक्षर सृष्टीचं, हरिओम म्हणाला. तिला त्याचं लय हसू आलं होतं.

"आता मला राधाकिशनकाकांच्या सगळ्या नोंदी दाखव. अंगठा किती वेळा लावला, तेही दिसतं का?"

दिसत होतं. जुलैपर्यंत प्रत्येक नोंदीपुढं पाच, सहा, एकदा तर अकरा वेळा 'पुन्हा प्रयत्न करा'. नऊ ऑगस्टनंतर एकदाही नाही. प्रत्येक अंगठा पहिल्या फटक्यात.

"नऊ ऑगस्टला काय झालं?"

हरिओमनं बरंच शोधलं. मग त्याचे हात थांबले.

"काकांच्या नावावर दुसरं बोट चढवलंय," तो हळू म्हणाला. "मुलांच्या टॅबवरून. सृष्टीच्या खात्यातून."

आता फोटो राहिला होता. नोंदीबरोबर चढवलेला, घाईत काढलेला. मधोमध काळा कोपरा, त्याच्या दोन्ही टोकांना स्क्रूनं आवळलेले नवे पट्टे. खाली उजव्या कोपऱ्यात पान्याचं टोक, चकचकीत, आणि त्याच्याखाली हिरवट जाड कापडाची कड.

"हा पाना इथला आहे?"

"नाही. इथले सगळे पूजेत होते. आणि आमचा टॉर्क पाना, किती आवळलं ते स्वतःच टॅबला कळवतो तो, त्याची त्या दिवसाची एकही नोंद नाही. आकडा हातानं टाकलाय."

धम्मशीला भिंतीवरच्या वाळलेल्या हळदीकडं बघत राहिली. तिच्या घरी दसरा म्हणजे नागपूर, दीक्षाभूमी आणि वर्षाची पुस्तकखरेदी. ठाण्यात रायफलींना फुलं वाहत तेव्हा ती हात मागं बांधून उभी राहायची. हत्याराला देव मानणं तिला जमायचं नाही. पण नेम म्हणजे काय ते तिला कळत होतं. तिचे वडील वंदना घेतल्याशिवाय चहाला शिवत नसत, आणि त्यासाठी दोनदा त्यांची गाडी चुकली होती.

जाताना ती चंद्रभानच्या ऑफिसात डोकावली. तिथं भिंतीवर काचेचं कपाट होतं. तो हवाई दलात बावीस वर्षं विमानांचा तंत्रज्ञ होता, तिथलं मानपत्र, फोटो, टोपी.

"मालकाच्या वस्तू," बन्सीधर दबक्या आवाजात म्हणाला. "परवा मी टेकायला गेलो तर आंगावर आले. किल्ली खिशातच ऱ्हाती म्हणं त्यांच्या."

धम्मशीला काचेजवळ गेली आणि मानपत्राखाली काय ठेवलंय ते वाकून पाहिलं. मग ठाण्यात परत आली आणि थेट कोठडीत गेली.

"काका, नऊ ऑगस्टला सृष्टीनं तुमच्या नावावर तिचा अंगठा चढवला."

राधाकिशनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते पुसलंही नाही.

"माझा उमटंना म्हून. म्हणली, काका, तुमी काम करा, आंगठा मी लावत जाईन. आज्जीचा बी मीच लावते राशनला." त्यानं दोन्ही अंगठे मुठीत मिटले. "लेकराच्या हातून चुकलं आसंल, बाई. बापाच्या कार्यक्रमाला इमान उडावं म्हून तिनंच कायतरी छापलं, बसवलं. खेळत ऱ्हायची ना त्या मशीनवर. आता गेली ती. मी सांगितलं तर लोक म्हणतील, स्वतःच्या करणीनं मेली. बापाला काय वाटंल? माझं काय, आजवर खाल्लं-पेल्लं. जातो मी आत."

धम्मशीलाला राग आला, कुणाचा ते तिलाही धड सांगता आलं नसतं. एक माणूस मेलेल्या मुलीची अब्रू राखायला तुरुंगात निघाला होता आणि दुसरा त्याला जाऊ देत होता.

"उठा, काका," ती म्हणाली. "आपल्याला माळावर जायचंय."

रविवारी दुपारी चौघं चंद्रभानच्या ऑफिसात जमले. धम्मशीला, हरिओम, बन्सीधर आणि दाराशी चप्पल काढून उभा राहिलेला राधाकिशन. चंद्रभाननं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"याला इथं कशाला आणलं?"

"अंगठा लावायला," धम्मशीला म्हणाली.

हरिओमनं टॅब पुढं केला. राधाकिशनच्या नावावरचं दुसरं बोट त्यानं बंद करून ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं अंगठा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. परत ठेवला. सात वेळा ठेवला. सातव्यांदा यंत्र स्वतःच बंद पडलं.

"एक तारखेला हाच अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. कारण तो सृष्टीचा होता. ही सोय तुम्हाला ठाऊक होती, चंद्रभानराव?"

"मला... मला कसं ठाऊक असणार? म्हणजे तुम्ही म्हणता, माझ्या मुलीनंच—"

"काकांना तसंच वाटतंय. म्हणून ते चार दिवस गप्प आहेत. मला तसं वाटत नाही. त्या रिळाचं प्लॅस्टिक उन्हात वाकतं हे या शेडमध्ये हरिओमखालोखाल कुणाला माहीत असेल तर सृष्टीला. तिनं वाकलेलं विमान खिडकीत ठेवलंय, वर तारीख घालून. ती मुलगी तसला कोपरा इंजिनात बसवणार नाही. तिनं तो पाहिलाच नाही. इंजिनाचं झाकण लागल्यावर कुणीतरी तिला फक्त अंगठा लावायला सांगितलं."

चंद्रभाननं खुर्ची मागं सरकवली.

"हरिओमनं छापला नाही, तो गावाला होता, आणि असता तर योग्य रीळ घातलं असतं. काकांनी तर प्रिंटरला कुंकवापलीकडं कधी हात लावला नाही. उरला असा माणूस, ज्याला विमान हाडामांसासकट माहीत आहे, पण प्लॅस्टिक माहीत नाही. ज्याच्या लेखी काळं ते काळं. धातूवर आयुष्य काढलेला माणूस ही चूक करतो. पोर करत नाही."

"हे सगळे तुमचे अंदाज आहेत."

"त्या दिवशी शेडमधलं प्रत्येक हत्यार पूजेत होतं. उचललं असतं तर हळद पुसली असती, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांदेखत विचारलं असतं, पूजा कुणी मोडली? म्हणून बसवणाऱ्यानं बाहेरचं हत्यार आणलं." तिनं फोटो टेबलावर ठेवला आणि हिरवट कापडाच्या कडेवर बोट टेकवलं. मग त्याच बोटानं काचेच्या कपाटाकडं दाखवलं. मानपत्राखाली जाड हिरव्या कापडाची गुंडाळी होती, पान्यांची, हवाई दलातली. "याची किल्ली तुमच्या खिशात असते. पट्ट्यांच्या स्क्रूवर कोणत्या पान्याचे ओरखडे आहेत, ते प्रयोगशाळा सांगेल. पण तुम्हीच सांगितलंत तर बरं. हा माणूस उद्या कोर्टात उभा राहणार आहे, तुमच्या लेकीची लाज झाकायला. जी तिनं कधी केलीच नाही, त्या चुकीसाठी."

चंद्रभाननं खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"सहा मिनिटं," तो म्हणाला. "दसऱ्याला सहा मिनिटं उडवायचं होतं. अर्धा जिल्हा येणार होता बघायला. डिजिटल केंद्राचा शुभारंभ आणि विमान तडा गेला म्हणून उभं, हे मी लोकांना कसं सांगणार होतो? मूळ पार्ट आला की गुपचूप बदलणार होतो."

"पण सहा मिनिटांनंतरही ते उडत राहिलं."

"रोज ठरवायचो, उद्या थांबवतो. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं."

"त्या सकाळी दुसरं विमान ठीक होतं. मोकळंही होतं. मग ती याच विमानात का चढली?"

चंद्रभान बोलला तेव्हा तो धम्मशीलाशी बोलत नव्हता.

"नवमीला मी तिला म्हणालो, काकांनी कोपरा बसवलाय, अंगठा राहिला, तू लाव. तर ती म्हणाली, आज? खंडेनवमीला काका पान्याला हात लावतील? मला काही सुचेना. म्हणालो, तुझं विमान आहे म्हणून लावला. तुझ्यासाठी नेम मोडला त्यांनी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मग माझं पहिलं लांबचं उड्डाण याच विमानात. काकांना सांगू नका, लाजतील. त्या सकाळी मी म्हणालो, दुसरं घे. दोनदा म्हणालो. ती हसली आणि याच्यात जाऊन बसली."

बन्सीधरनं टोपी काढली आणि नुसतीच हातात धरली. हरिओम खिडकीकडं वळला.

राधाकिशन दारातून पुढं आला. चार दिवसांत पहिल्यांदा तो चंद्रभानच्या समोर, डोळ्याला डोळा देऊन उभा राहिला.

"साहेब, तुमी मला निस्तं सांगायचं हुतं," तो म्हणाला. "त्या लेकरासाठी मोडला आसता की मी नेम. पाना उचलला आसता. आन् तुमचा त्यो कोपरा हातात घेऊन बघितला आसता, आन् बसवू दिला नसता."

धम्मशीलानं बन्सीधरला चंद्रभानला ताब्यात घ्यायची खूण केली आणि राधाकिशनला म्हणाली, "चला काका, धुरपदाबाई ओट्यावर बसल्यात."